जॅमर काढताना

मी ज्यांच्या गाड्यांना जॅमर लावला, त्यांतल्या एकानंही त्या वेळी मला 'तुम्ही' म्हटल्याचं आठवत नाही. शिकलेला असो की अडाणी, कडक इस्त्रीतला असो की धानाच्या बांधीतल्या चिखलातून आलेला, चाकाला पिवळं लोखंड दिसलं की माणूस एकदम 'अबे'वर येतो. त्याचा मला राग नव्हता. गाडी अडली की आपलीच कॉलर कोणी धरल्यासारखं वाटतं, आणि कॉलर धरणाऱ्याला कोण अहो-जाहो करतं?

वैनगंगेच्या या बाजूला एक बाजाराचं गाव आहे. धानाच्या गिरण्या, कॉलेज, दवाखाने, आणि चौकात काळीपिवळी जीपगाड्यांची रांग. नाव लिहीत नाही. तिथल्या पार्किंगच्या ठेकेदाराकडे मी बरीच वर्षं कामाला होतो. चौकात पोलीस शिपाई उभा असे. तो बोट दाखवी, मी जॅमर लावी. तो पावती फाडी, मी जॅमर काढी. एवढंच काम.

या अंकाच्या संपादकांनी कामातल्या गमती लिहा म्हणून सांगितलं. गमती आहेत, त्या लिहितोच. पण कुरखेड्याकडच्या एका गावात एक माणूस आहे, तो माझ्यामुळे कित्येक वर्षं मोटारीत बसला नाही. बाजाराला पायी जाई, दवाखान्यात पायी जाई, सोयऱ्यांकडे लग्न असलं तर आदल्या दिवशी पायी निघे. त्याच्याबद्दल न लिहिता नुसत्या गमती लिहिणं मला जमणार नाही. त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं नाव बदललं आहे. बाकी काही बदललेलं नाही.

आधी जॅमर म्हणजे काय ते सांगतो. लोखंडाचे दोन जबडे असतात. एक टायरच्या आतल्या अंगानं जातो, एक बाहेरून. दोन्ही एकमेकांकडे ओढायचे आणि कुलूप घालायचं. गाडी पुढं घेतली की जबडा जमिनीला टेकतो आणि चाक फिरत नाही. लावायचा तो चालकाच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. दुसरीकडे लावला आणि चालकाला दिसला नाही, तर तो गाडी सुरू करून झटका मारतो, पत्रा फाटतो, आणि मग भांडण पावतीपुरतं राहत नाही. हे लोखंड काही लांबून अडकवता येत नाही. उकिडवं बसावं लागतं, गाल टायरला लागेपर्यंत वाकावं लागतं, आणि दोन्ही हात चाकाभोवती घालावे लागतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस चाकाला मिठी मारून बसला आहे.

कंपनीच्या जॅमरला बाहेरून एक थाळी असते. चाकाचे नट तिच्याखाली झाकले जातात, म्हणजे कोणाला चाक खोलून पळता येत नाही. आमच्या ठेकेदारानं असे दोनच आणले होते, आणि ते जीपच्या टायरला बसत नव्हते. मग त्यानं गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून बाकीचे बनवून घेतले. मजबूत होते, पण थाळी नव्हती. नट उघडे.

पहिल्याच महिन्यात त्याचा अनुभव आला. एका भाजीवाल्याच्या पिकअपला जॅमर लावून मी चहा प्यायला गेलो. परत येतो तर पिकअप नाही. रस्त्यावर फक्त चाक पडलेलं, आणि त्याला माझा जॅमर, कुलपासकट. पठ्ठ्यानं जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी चढवली आणि भाजी घेऊन गेला. शिपाई म्हणाला, "आता याचीच पावती फाडतो. चाकाचा बाप कोण ते तू शोध." ते चाक पुढचे कितीतरी दिवस ठेकेदाराच्या कोठीत होतं. शेवटी भाजीवालाच आला, कोथिंबिरीची मोठी जुडी घेऊन, आणि म्हणाला, "भाऊ, आमचा माणूस तुमच्याइथी अटकेत आहे म्हणते." त्या दिवशी शिपाईसुद्धा हसला.

त्यानंतर आमच्यात एक नियम पडला. जॅमर काढला की नटांना एकदा पाना लावून पाहायचा. कारण पळायच्या नादात लोक नट ढिले करून ठेवत, अर्ध्यात कोणी हटकलं की सोडून देत, आणि मग पावती घेऊन तसेच निघून जात. नियम कागदावर नव्हता. मीच पाडला होता. म्हणून तर पुढचं लिहायला इतकी वर्षं लागली.

त्याआधी एका म्हाताऱ्या बाईंचं सांगतो. एकदा देवळासमोर नवी कोरी गाडी उभी होती, झेंडूचा हार घातलेली, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. देवळासमोर गाडी लावायला मनाई होती. शिपायानं बोट दाखवलं, मी जॅमर लावला आणि बाजूला झालो. मालक आत नारळ फोडायला गेला होता. तेवढ्यात त्याची म्हातारी आई आरतीचं ताट घेऊन आली. तिनं गाडीच्या चारही चाकांना कुंकू लावलं, पुढच्या चाकाशी आली तेव्हा जॅमरलाही लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बापा, हे बरं देलं कंपनीनं. चोरीची भीती नाई." मुलगा बाहेर आला आणि कपाळाला हात लावला. शिपायानं पावतीपुस्तक खिशात घातलं आणि मला मानेनं खूण केली. जॅमर काढताना माझ्या बोटांना कुंकू लागलं होतं. या कामात माझी पूजा झाली ती तेवढीच.

आता देवाजीचं, म्हणजे त्या पायी फिरणाऱ्या माणसाचं.

देवाजी कुरखेड्याच्या मार्गावर जीप चालवायचा. चाळिशीचा असेल तेव्हा. खणखणीत आवाज, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि अख्ख्या चौकाला हसवायची ताकद. तो आला की टपरीवर गर्दी वाढे. प्रवासी त्याची जीप भरायची वाट पाहत, दुसऱ्याच्या रिकाम्या जीपमध्ये बसत नसत. मीसुद्धा त्याच्या विनोदांना हसलो आहे. माझ्यावरच्या विनोदांनाही हसलो आहे. जॅमर लावणाऱ्यानं हसायचं नाही तर काय करायचं?

दिवाळीनंतरचे दिवस होते. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. मुली माहेरी येतात, शिकायला गेलेली पोरं परत येतात. त्या दिवसांत जीपगाड्यांना उसंत नसते. देवाजीनं रांग सोडून थेट चौकाच्या तोंडाशी जीप लावली आणि ओरडून प्रवासी भरू लागला. मागून बस येऊन अडकली. बसवाला हॉर्न वाजवतो आहे, देवाजी ओरडतो आहे. शिपायानं माझ्याकडे पाहून बोट दाखवलं.

मी जाऊन जॅमर लावला.

देवाजी बिघडला. सीटखालून पाना काढला आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "थांब, तुले चाकच काढून देतो. घेऊन जा घरी, उशाले ठेव!" आणि खरंच नटांना पाना लावला. लोक गोळा झाले. एक नट करकरला, ढिला झाला. मग दुसरा. तिसऱ्याला पाना लागला तोच शिपाई धावत आला, त्यानं त्याचा दंड धरला. "चाल चौकीत, तिथी कर नाटक." देवाजीनं पाना जीपमध्ये फेकला आणि त्याच्यासोबत गेला.

जीपमध्ये त्याची मुलगी बसली होती. शीतल तिचं नाव. आमच्याच गावात कॉलेजात होती, खोली करून राहायची, मंडईसाठी घरी चालली होती. ती बसली होती ती जागा सांगायला हवी. काळीपिवळीत चालकाच्या डाव्या हाताला दोघं-तिघं बसतात. पण गर्दी असली की चालक आपणच आत सरकतो आणि स्वतःच्या उजव्या हाताला, दाराला लागून, आणखी एकाला बसवतो. अर्धा माणूस सीटवर, अर्धा दारावर. ती जागा सगळ्यांत वाईट. म्हणून ती पैसे देणाऱ्या प्रवाशाला देत नाहीत, घरच्या माणसाला देतात. मेव्हणा असेल, भाचा असेल, पोरगी असेल. घरच्यानं तक्रार करायची नसते. देवाजीनंही तेच केलं होतं. चांगल्या जागा प्रवाशांना आणि पोरीला ती.

देवाजी पावती घेऊन परत आला तोवर प्रवासी कंटाळून शिव्या देत होते. मी कुलूप उघडायला उकिडवा बसलो, हात चाकाभोवती घातले. आणि मला दिसलं. तीन नट बाहेर आलेले होते. त्यांच्या मागं बोल्टचे आटे नवे, चमकदार दिसत होते. ज्याला चाकाचं कळतं त्याला ते एका नजरेत दिसतं. मी तोंड उघडणार होतो. देवाशपथ, मी खरंच उघडणार होतो.

त्याच वेळी देवाजी माझ्या डोक्यावर उभा राहून लोकांना म्हणाला, "पाहा बे, पाहा! याले बायकोनं सोडलं, तं हा आता चाकाइले मिठ्या मारून राह्यला!"

सगळा चौक हसला. बसमधले हसले, टपरीवरचे हसले. शिपाईही हसला. माझी बायको तीन महिन्यांपूर्वी माहेरी निघून गेली होती. मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं, की सगळ्यांना माहीत होतं.

मी जॅमर काढला, खांद्यावर घेतला आणि बाजूला झालो. पाना लावला नाही. बोललो नाही.

तेव्हा माझ्या मनात काय होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. कोणाचं वाईट व्हावं असं नव्हतं. त्यानंच ढिले केले, त्याला माहीत नाही का, असं एक होतं. थोडं पुढं गेल्यावर स्टिअरिंग थरथरेल, मग त्याला खाली उतरून धुळीत बसावं लागेल, प्रवासी त्याला हसतील, असं दुसरं होतं. हे दुसरंच खरं होतं. मला एवढंच हवं होतं, की त्यानंही एकदा त्या चाकापुढं उकिडवं बसावं.

शीतल दारावर कोपर टेकवून बसली होती. जीप निघाली तेव्हा ती माझ्याकडे पाहून अवघडल्यासारखी हसली. बापाच्या बोलण्याची लाज वाटून हसतात तशी. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

गाव सोडून बरंच पुढं, जंगल लागतं तिथल्या उतारावर चाक निघालं. जीप उजव्या अंगावर झुकली आणि मोहाच्या झाडाला घासत गेली. बाकीच्यांना मुका मार लागला. शीतलचा पाय दार आणि झाडाच्या मध्ये सापडला. नागपूरला नेलं. गुडघ्याखाली काढावा लागला.

मला ते संध्याकाळी टपरीवर कळलं. ज्यानं सांगितलं त्याच्या हातात चहाचा ग्लास होता, आणि तो सांगता सांगता फुंकर घालत होता.

पुढं चौकशी झाली. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी मला बोलावून सरळ विचारलं, "जॅमर काढताना काही दिसलं होतं का?"

मी म्हटलं, "नाई."

एका शब्दाचं उत्तर होतं. पहिलं गप्प राहणं रागाचं होतं, हे भीतीचं. पहिल्याची मी माफी मागू शकतो. दुसऱ्याची कशी मागायची, ते मला अजून समजलेलं नाही. विचारायला कोणी दुसऱ्यांदा आलंही नाही, कारण देवाजीनं आधीच सांगून टाकलं होतं, की नट आपणच ढिले केले आणि आवळायला आपणच विसरलो. त्याचा परवाना गेला. जीप विकली. कोर्टकचेरी झाली, तिथंही त्यानं वकिलाला बोलू दिलं नाही म्हणतात.

मी ते काम लगेच सोडलं असं नाही. पोट होतं. पण त्या दिवसापासून मी स्वतःचा पाना बाळगू लागलो. कोणतीही गाडी असो, जॅमर काढला की एकेक नट आवळून पाही. लोक म्हणत, "अबे, गॅरेज उघडलं काय?" मी आवळत राही. त्यानं काय होणार होतं? जे चाक गेलं ते गेलं होतं. नंतर ठेका दुसऱ्याकडे गेला आणि मी एका धान गिरणीच्या फाटकावर लागलो. अजून तिथंच आहे. बायको परत आली नाही. तो वेगळा विषय आहे.

या उन्हाळ्यात एक दिवस फाटकावर एक बाई आली, मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर. तलाठी होती, गिरणीच्या जागेच्या कामानं मालकाकडे आली होती. मला म्हणाली, "भाऊ, गाडी सावलीत लावू का? सीट तापते." कुबडी काढून उतरली तेव्हा मी ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही. माझी दाढी आहे आता, आणि चौकीदाराच्या टोपीखाली कोणी कोणाला पाहत नाही.

काम होईतो ती माझ्या खोलीच्या सावलीत बसली. बोलकी आहे, बापासारखी. मी विचारलं, "कुठल्या तुम्ही?" तिनं गाव सांगितलं. मी विचारलं, "बाबा काय करतात?"

"बाबा पायी फिरते," ती हसून म्हणाली. मग हसणं थांबलं. "मजाक नाई भाऊ. माझ्या पायाचं झालं तवापासून बाबा मोटारीत बसले नाई. माझ्या गाडीवर तं एक दिवसबी नाई. मी म्हणतो, बाबा, मी चालवतो, तुमी मागं बसा. तं म्हणते, मीच तुले तिथी बसवलं होतं. मी तुह्या गाडीवर कोणत्या तोंडानं बसू? आता गुडघे गेले त्याइचे. डॉक्टरनं चालू नका म्हणलं. तरी चालते."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणाचं? मले पाय पाह्यजे होता, तो गेला. आता बाप पाह्यजे, तं तो असा करते."

तिला आतून बोलावणं आलं. ती गेली. मी फाटकाचा दांडा धरून उभा होतो. त्या माणसानं इतकी वर्षं सगळं ओझं एकट्यानं उचललं होतं, आणि त्यातलं निम्मं माझं होतं. ते मी जाऊन उचललं, तर तो कदाचित त्या स्कूटरवर बसेल. हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. तरी ती परत निघाली तेव्हा मी तिला काही बोललो नाही. गाडी सावलीतून काढून दिली, एवढंच.

धीर यायला आणखी काही आठवडे गेले. मग एका रविवारी बसनं गेलो.

अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. सगळीकडे तोच वास. देवाजी पळसाच्या सावलीत खाट विणत बसला होता. आवाज तसाच, पण शरीर खूप खचलेलं. मला पाहून हात थांबवला.

"कोन हाय?"

"मी जॅमरवाला. चौकातला."

त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "अरे! या, या. बसा. शांता, पानी आन व." शांता म्हणजे त्याची बायको. तिनं पाणी आणलं. मी गडवा हातात घेतला, पण प्यायलो नाही. पाणी पिऊन मग सांगणं मला बरोबर वाटलं नाही.

मी सांगितलं. सरळ सांगितलं, आडवळण घेतलं नाही. नट ढिले दिसले होते. पाना लावून पाहायचा नियम माझाच होता. मी पाहिला नाही, बोललो नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो.

देवाजीच्या हातात सुंभाचा पीळ तसाच होता. तो म्हणाला, "किती होते ढिले?"

"तीन."

"मले दोनच आठवते."

"तीन होते, भाऊ."

"इतकी वर्षं मी दोन-दोन करून राह्यलो," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "दोन नटानं चाक कसं जाईन, म्हणून देवाले विचारत होतो." मग एकदम माझ्याकडे पाहून, "तुमाले दिसलं, तं काऊन नाई बोलले? तोंडात काय गोटा होता?"

"तुम्ही माझ्यावर हसले होते."

"मी तं साऱ्यांवरच हसो. काय म्हणलो होतो?"

त्याला आठवत नव्हतं. ज्या वाक्यानं मी इतकी वर्षं झोपेतून उठत होतो, ते त्याला आठवत नव्हतं. मला ते माझ्याच तोंडानं बोलून दाखवावं लागलं, त्याच्या अंगणात, त्याच्या बायकोसमोर. बायकोनं सोडलं, तर हा चाकांना मिठ्या मारतो.

कोणी हसलं नाही.

"असं म्हणलो होतो?" देवाजी म्हणाला.

"हो."

"माह्यी पोरगी ऐकत होती तवा?"

"हो. ती लाजली होती."

त्यानं सुंभ खाली ठेवलं. रागावेल, मारेल, असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, घाम पुसतात तसं, पण हात खाली आले तेव्हा डोळे ओले होते. "म्हणजे तुमीबी एकटेच हे घेऊन बसले होते," तो म्हणाला. त्यात दया नव्हती. रागही नव्हता. हिशेब लागल्यासारखं म्हणाला.

शीतल दारात उभी होती. केव्हा आली, मला कळलं नव्हतं. कुबडीवर भार टाकून ती माझ्याकडे पाहत होती.

"गिरणीच्या फाटकावर तुमीच होते," ती म्हणाली.

"हो."

"मी बाबाचं सांगत होती, आन तुमी ऐकत होते."

"हो. तेव्हा हिंमत झाली नाही."

"तुमची हिंमत नेहमी मागून येते," ती म्हणाली. मग ती माझ्याशी बोलली नाही. अंगणातल्या स्कूटरकडे गेली, कुबडी पुढं अडकवली आणि बसली. "बाबा, आज बाजार आहे. तेल संपलं. चाला."

"मी येतो पायी. तू व्हय पुढं."

"ऐकलं नं तुमी आता? एकट्याचं नोहोतं ते."

"ऐकलं."

"मंग?"

देवाजी उठला. गुडघ्यांवर हात देऊन, थांबत थांबत. स्कूटरजवळ गेला आणि मागच्या सीटवर हात ठेवला. तसाच उभा राहिला. शीतलनं मागं वळून पाहिलं नाही. गाडी सुरू केली आणि अगदी हळू, माणसाच्या चालीनं पुढं घेतली. तो सीटवर हात ठेवून तिच्यासोबत चालू लागला. बैलाच्या पाठीवर हात ठेवून शेताकडे जातात, तसा. अंगण गेलं, वाडग्याचं कुंपण गेलं, ते रस्त्याला लागले. वळणाला बांबूची दाट रांजी आहे. तिच्याआड जाईपर्यंत तो चालतच होता. पुढं बसला की नाही, मला माहीत नाही. गाडीचा आवाज मात्र थोडा मोठा झाल्यासारखा वाटला. माझा भासही असेल.

अंगणात शांताबाई आणि मी राहिलो. ती आत गेली आणि चहा घेऊन आली. कप माझ्या हातात दिला आणि मोहफुलं उलथायला बसली. मग फुलांकडेच पाहत म्हणाली, "चाय घेऊन घ्या भाऊ. तुमी आले, सांगतलं, हे बरं झालं. पन आता मंग इथी येत नका जाऊ. मले तुमचं तोंड पाहवत नाई."

"बरं," मी म्हटलं.

चहा संपवला. कप विसळून चुलीशेजारी पालथा ठेवला. आपल्याकडे कोणाच्या घरून निघताना 'येतो' म्हणायची रीत आहे, 'जातो' कोणी म्हणत नाही. मी चपला घातल्या आणि म्हटलं, "वहिनी, जातो."

तिनं मान हलवली.